एक पाळी चालवून बघते, अण्णा

अण्णा, मशीन दुरुस्त झालं की लगेच कोणाच्या हाती द्यायचं नाही, आधी एक पाळी चालवून बघायचं, ही तुमचीच शिकवण. म्हणून चालवत बसले आहे. सकाळी अकराला सुरू केलं, आता साडेअकरा झाले, अजून बंद पडलेलं नाही. नुसतं चालू ठेवून भागत नाही, त्याच्याकडून काम करून घ्यावं लागतं, आणि माझ्याकडे टाइप करायला दुसरं काही नाही. मग तुम्हालाच लिहिते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, कधी एक ओळ लिहावीशी वाटली नाही. आज वाटली ती प्रेमानं, असं मात्र समजू नका. मला तुमचा राग आलाय. शुक्रवारपासून येतोय, आणि उतरायचं नाव घेत नाहीये.

मशीन म्हणजे लॅपटॉप. तुम्ही पाहिला नाहीत. टाइपरायटर आणि टीव्ही एकावर एक ठेवून घडी घातली तर होईल तसं काहीतरी समजा. तुमच्या नातीसाठी घेतला, जुना, वापरलेला. ती राऊ गावाच्या कॉलेजात समाजकार्य शिकते, शेवटचं वर्ष आहे. उद्या सोमवारी तिला प्रोजेक्ट जमा करायचाय, नाही केला तर वर्ष गेलं. प्रोजेक्ट कशावर आहे, ऐका. इंदूरच्या बंद पडलेल्या मिलांमधल्या कामगारांच्या छातीवर. पोरगी मिलवाल्यांच्या परदेशीपुऱ्यात घरोघरी फिरली, म्हाताऱ्यांना विचारत बसली की कुठल्या खात्यात होतात, खोकला कधीपासून, दम कधी लागतो. जे गेले त्यांच्या घरच्यांना विचारलं. शेवटी तिनं एक यादी केलीय, मिलच्या रुईनं, त्या कापसाच्या धुळीनं, ज्यांची फुप्फुसं खाल्ली त्यांची. त्या यादीत तुमचं नाव सगळ्यात वर होतं. होतं म्हणते, कारण शुक्रवारी ते काढायचं तिनं ठरवलं.

संध्याकाळी मी कणीक मळत होते. ती एक पिवळा पडलेला कागद घेऊन आली, आईच्या पत्र्याच्या पेटीतला. म्हणाली, "आई, ये देख. आजोबांचा हेल्थ फॉर्म मिळाला, मिलचा. यात लिहिलंय, बीडी, पंद्रह साल से, रोज एक बंडल. सर बोलले की स्मोकर को लिस्ट में मत रखो, नाहीतर व्हायव्हात सगळी लिस्टच उडवतील. तर मी आजोबांना काढतेय. सॉरी हं." मी म्हटलं, "ते बिडी ओढत नव्हते." ती म्हणाली, "अगं, खाली त्यांची सही आहे. आणि आजी पण तेच सांगायची ना, बिडीनं गेले म्हणून?" मग कागद उजेडात धरून म्हणाली, "अक्षर कित्ती सुंदर आहे. कोणाचं असेल?" मी म्हटलं, "क्लर्कचं असेल." आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

बिडी! तुम्ही! कापूस पिंजणाऱ्या कार्डिंग खात्यातला फिटर आणि बिडी! त्या खात्यात हवेत इतकी रुई उडायची की एक ठिणगी पडली असती तर खातं जळून खाक झालं असतं. गेटवर खिसे तपासायचे तुमचे. घरातसुद्धा काडेपेटी तुम्ही ओट्यावरच्या सगळ्यात उंच फळीवर ठेवायला लावायचात, आणि कपडे बदलल्याशिवाय उदबत्तीजवळ जायचा नाहीत. मामा एकदा लग्नाला आले होते, आपल्या दारात उभं राहून त्यांनी बिडी शिलगावली, तर तुम्ही त्यांच्या तोंडातून ती ओढून काढलीत आणि मोरीत फेकलीत. भर पाहुण्यांत. आई आठ दिवस तुमच्याशी बोलली नव्हती. पाळीवरून आलात की आधी गॅलरीत उभं राहून कपडे झटकायचे, मग आई ओल्या पंच्यानं तुमच्या भुवया पुसायची. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानातले केस पांढरे. लहान असताना मला वाटायचं की तुम्ही रोज मिलमध्ये म्हातारे होता आणि घरी येऊन चहा प्यायलात की पुन्हा तरुण होता. त्या माणसाच्या नावावर रोज एक बंडल!

साडेबारा झाले. चालतंय. लाइट गेली नाही म्हणजे मिळवली, कारण याची बॅटरी कधीच मेलेली आहे, वायर लावली तरच चालतो.

तर लॅपटॉपचं सांगते. सियागंज बाजाराच्या मागच्या अंगाला एक जण जुने लॅपटॉप विकतो. मी तुमच्या पद्धतीनं त्याला आधी विचारलं, कोणाचा आहे, कुठे चालला, का विकला. तो म्हणाला, "मॅडमजी, सिंगल हैंड चला हुआ है. एसी ऑफिस का माल है, धूल देखी नहीं इसने." मी विश्वास ठेवला. घरी आणला, टेबलाला ओरखडे नकोत म्हणून खाली तुमच्या मिलच्या जाड लठ्ठ्याची चौघडी घातली. आपल्याकडे कुठलीच वस्तू उघडी-वाघडी बसत नाही ना. रेडिओला झबलं, मिक्सरला झबलं, फोनला फ्रिलवालं झबलं. मिलवाल्यांच्या घरात कापडाला काय तोटा. आई गेली, पण तिनं शिवलेली झबली अजून कपाटात आहेत, आणि ती सवय माझ्या हातात आहे. लॅपटॉप त्या चौघडीवर राजासारखा बसायचा आणि वीस मिनिटांत मरायचा. आतला पंखा घोंगावायला लागायचा, पडदा काळा, आणि थोड्या वेळानं आपला आपणच पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. पोरीनं लिहिलेलं अर्धं पान गायब. सायबर कॅफेत जावं तर तिथे तिचा हिंदी फॉन्ट नाही, सगळी अक्षरं वेडीवाकडी दिसतात. म्हणजे याच्यावरच लिहायचं आणि यानंच दगा द्यायचा.

गुरुवारी मी तो दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं काय करावं? विंडोज नवीन टाकली, रॅम बदलली, चार्जर बदलला. तिन्ही एकदम! पंधरा मिनिटं चालवून दाखवला, "देखो मॅडम, मक्खन." घरी येऊन चौघडीवर ठेवला आणि वीस मिनिटांत पुन्हा तेच. परत गेले तर म्हणतो, "मदरबोर्ड गया इसका, फेंक दो." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "भिया, तीन चीज़ें एक साथ बदलीं, तुमको पता कैसे चला कि खराबी कहाँ नहीं है?" त्यानं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. बाईनं असं विचारावं याची त्याला सवय नसावी. मला मात्र विचारताना माझ्या तोंडून तुमचा आवाज आल्यासारखं झालं, आणि त्याचाही राग आला.

कारण तो फॅन मी विसरलेले नाही. बारा वर्षांची होते. तुम्ही पाळीवर होतात, टेबल फॅन बंद पडला, आणि मी तुमच्या पेटीतून सामान काढून वायर बदलली, कंडेन्सर बदलला, तेल सोडलं. फॅन सुरू! मे महिना, आईनं माझी दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली. तुम्ही आलात, भुवया पुसून घेतल्यात आणि विचारलंत, "का चालला?" मी म्हटलं, "चालला ना!" तुम्ही म्हणालात, "का चालला, ते विचारतोय." मला सांगता येईना. तर तुम्ही खाली बसलात आणि तिन्ही गोष्टी पहिल्यासारख्या केल्यात. जुनी वायर, जुना कंडेन्सर, तेलसुद्धा पुसून काढलंत. चालता फॅन बिघडवून ठेवलात! आई म्हणाली, "अहो, पोरीचं कौतुक करायचं सोडून हे काय?" तुम्ही म्हणालात, "एका वेळी एक. आणि हात लावायच्या आधी विचारायचं, कधी होतं, कशानंतर होतं, आधी कोणी हात लावला होता. मशीन खोटं बोलत नाही. माणूस बोलतो." मी रडत रडत पुन्हा केलं. कंडेन्सर होता. पुढच्या आठवड्यात तुम्ही मला एक लहानसा पेचकस आणून दिलात, फुलीच्या टोकाचा, आणि त्याला मूठ बसवली होतीत मिलच्या फुटक्या बॉबिनची, घासून घासून गुळगुळीत केलेली. तो अजून आहे. माझ्या लग्नातली भांडी गेली, तो राहिला.

त्या पेचकसाच्या जोरावर मी तुम्हालाही तपासलं होतं, आठवतंय? सतरा वर्षांची होते. तुमचा खोकला मी महिनाभर वहीत लिहून ठेवला होता. रोज असायचा, पण सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीवरून आलात की छातीला कोणी दोरी आवळल्यासारखे भिंतीला टेकून बसायचात, पोह्याची बशी तशीच राहायची. आठवडा पुढे सरकला की जरा बरं. पुन्हा सुट्टी, पुन्हा पहिली पाळी, पुन्हा तेच. मी तुम्हाला वही दाखवली आणि म्हटलं, "अण्णा, बिघाड घरात नाही, मिलमध्ये आहे." तुम्ही वही दोनदा वाचलीत. इतके खूश झालात की माझ्या पाठीवर थाप मारताना तुम्हालाच खोकला आला. मग म्हणालात, "बरोब्बर शोधलंस. पण हे बाहेर कुठे बोलू नकोस." पुढच्या वर्षी मिल बंद पडली, आणि दोन-तीन महिन्यांत खोकला निम्म्यावर आला. आणखी काय पुरावा पाहिजे होता? बिडी काय मिल बंद पडली म्हणून बंद होते? बिडी काय रविवारची सुट्टी घेते?

मग सुरू झालं ते मिल पुन्हा सुरू होण्याचं. आज सुरू होणार, दिवाळीनंतर सुरू होणार, नवा मालक येणार. तुम्ही सकाळी दाढी करून भोंग्याची वाट बघायचात. शेजारचे लोक पिथमपूरच्या कारखान्यांत लागले, कोणी रिक्षा घेतली, तुम्ही मात्र कोणी नोकरीचं बोललं की म्हणायचात, "माझी कार्डिंगची मशिनं तिथे वाट बघताहेत." यंत्रांना तेल नाही, गंज चढत असेल, याचा तुम्हाला घोर. मला म्हणायचात, "मिल सुरू झाली की तुला पॉलिटेक्निकला घालतो." मी ते धरून बसले होते, मूर्खासारखी. आणि मग तो तुमचा जॉबर आला, तुमच्या खात्याचा मुकादम, आपल्याच दारातल्या ओट्यावर बसून चहा पीत म्हणाला, "देखो भिया, नया मालिक सबसे हेल्थ फॉर्म भरवा रहा है. खांसी छुपेगी तो नहीं तुम्हारी. तो बीडी लिखवा दो. बीडी की खांसी खुद की गलती होती है. मिल की खांसी लिखोगे तो कोई लेगा क्या?" आणि तुम्ही मान हलवलीत. ज्या माणसानं मला शिकवलं की आधी खरं काय ते विचार, त्यानं मान हलवली. फॉर्म भरला गेला, एक्स-रे जोडला, सही झाली, दवाखान्यातून शिक्का मारून आणलात. नवा मालक आला नाही. भोंगा वाजला नाही. फॉर्म तेवढा तुमच्या दवाखान्याच्या फायलीत राहिला.

खोकला काही काळानं परत आला, आणि आता मिलवर अवलंबून नव्हता, आत घर करून बसला होता. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं फाइल उघडली, तोच कागद सगळ्यात वर. तो बिचारा जे लिहिलंय त्यावरूनच चालणार. म्हणाला, "रोज एक बंडल? पंद्रह साल? बाबा, बीडी छोड़ दो, आधी बीमारी वहीं है." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "जी, डॉक्टर साहब." आई मागे उभी होती. घरी येऊन ती देवापुढे बसून रडली, की माझ्यापासून लपवून मिलमध्ये ओढत होते. आणि तुम्ही तिला खरं सांगितलं नाहीत! शेवटपर्यंत नाही. ती मरेपर्यंत सगळ्यांना सांगत राहिली, आमच्या ह्यांना बिडीनं नेलं. तुमची नात तेच ऐकत मोठी झाली. ज्या माणसानं मामांची बिडी मोरीत फेकली, त्याच्या घरात हे चालतं! कोणाला राग येणार नाही?

दोन वाजले. जेवण तसंच पडलंय. तीन तास सलग चालतोय, पठ्ठा.

काल शनिवारी मी स्वतःच बसले शोधायला. एका वेळी एक. आधी चौघडी काढली आणि तो उघड्या टेबलावर ठेवला. वीसऐवजी चाळीस मिनिटं चालला. मग टेबल फॅन त्याच्या बुडाशी लावला, तर तासभर बंदच पडला नाही. म्हणजे गरम होत होता, बाकी काही नाही. संध्याकाळी पोरगी लिहायला बसली आणि पंधरा मिनिटांत पुन्हा बंद. दोन पानं गेली. ती टेबलावर डोकं ठेवून रडली, म्हणाली, "आई, मेरे से नहीं होगा. नाही देत मी प्रोजेक्ट, जाऊ दे वर्ष." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आज सकाळी ती मैत्रिणीकडे नकाशे रंगवायला गेली, पाचपर्यंत येते म्हणाली, आणि मी तुमचा पेचकस काढला. बुडाचं झाकण उघडलं, पंखा सोडवला. अण्णा, पंखा आणि त्याच्या पुढची जाळी यांच्यामध्ये एक गादी होती. खरंच गादी, पिंजाऱ्यानं पिंजून बसवल्यासारखी. हवा जायला सुईएवढी वाट नाही. मी ती चिमट्यानं अख्खी बाहेर ओढली आणि बोटांत चोळली, तुम्ही शिकवलं होतंत तशी. घरातली धूळ करडी असते, तिचा भुगा होतो. ही पांढरी-पिवळी, आणि ओढली की धागा व्हायला बघत होती. मधेच एक बारीक काळी टरफलाची कपची. सरकी, जिनिंगमध्ये कापसातून वेगळी काढतात ती. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, मला कळलं. ज्या रुईपायी तुम्ही गेलात ती या एवढ्याशा डब्यात माझ्या टेबलावर येऊन बसली होती.

मी सियागंजवाल्याला फोन लावला. म्हटलं, "भिया, ये लैपटॉप जिनिंग फैक्टरी का है." तो म्हणाला, "नहीं मॅडमजी, ऑफिस का है." म्हटलं, "इसमें से सरकी निकली है. मैं मिलवाले की बेटी हूँ, मुझे मत सिखाओ." मग म्हणाला, "हाँ, तो खरगोन तरफ की जिनिंग के मुनीमजी का था. ऑफिस तो था ना उनका. कूलर भी था." मी म्हटलं, "मैंने पूछा था तुमसे. सामने खड़े होकर पूछा था. मेरी लड़की का साल जा रहा था, झूठ क्यों बोला?" तो अगदी सहज म्हणाला, "अब जिनिंग का बोलता, तो आप लेतीं क्या?"

मला एक शिवी द्यायची होती, तोंडात आली होती. दिली नाही. फोन ठेवून दिला. कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, आपल्या ओट्यावर, चहाच्या कपाबरोबर. आणि ते ऐकून मान हलवणारे तुम्ही एकटेच नव्हता.

आता लिहितेच. जॉबर गेल्यावर तुम्ही मला बोलावलंत, कारण घरात माझं अक्षर चांगलं. मी स्वयंपाकघरात पाटावर बसले, मांडीवर पोह्याची परात उलटी घालून तिच्यावर फॉर्म ठेवला. तुम्ही एकेक सांगत होतात. बिडीच्या रकान्यापाशी थांबलात. तुम्हाला ते तोंडातून काढवेना. मग म्हणालात, "लिही, कधीमधी." मी विचार केला, कधीमधी लिहिलं तर कोण विश्वास ठेवेल? एवढा खोकला आणि कधीमधी? मला मिल सुरू व्हायला हवी होती, मला तुम्ही त्या गेटच्या आत हवे होतात, मला पॉलिटेक्निक हवं होतं. बिघाड कुठे आहे ते मला माहीत होतं, माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. मी लिहिलं, पंद्रह साल से, रोज एक बंडल. तुमचा चष्मा फुटलेला होता. तुम्ही म्हणालात, "वाचून दाखव." आणि मी वाचलं, "बीडी, कभी-कभी." तुम्ही सही केलीत.

डॉक्टरनं "रोज एक बंडल" म्हटलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदा ऐकलंत, आणि माझ्याकडे बघितलंत. तेवढंच. माझा राग त्याचाच आहे, अण्णा, बाकी सगळा त्याच्याभोवतीचा आहे. चालता फॅन बिघडवून मला रडवणारे तुम्ही, तिथे का गप्प बसलात? तिथेच का नाही म्हणालात की पोरी, हे तू काय लिहिलंस, पुन्हा कर? मी पुन्हा केलं असतं. डॉक्टरला सांगितलं असतं, आईला सांगितलं असतं. तुम्ही "जी, डॉक्टर साहब" म्हणून माझी चूक गिळलीत आणि वर तिची शिक्षाही स्वतःच भोगलीत. असं वागतात का कोणी? मी तेव्हापासून त्या कागदावरचं अक्षर क्लर्कचं म्हणत आलेय.

पावणेपाच. एकदाही बंद पडला नाही. पाळी पूर्ण झाली नाही, पण एवढं पुरे. मघाशी मी पोरीच्या वहीतलं एक पान फाडून त्यावर पेनानं लिहिलं, पंद्रह साल से, रोज एक बंडल. इतक्या वर्षांनी अक्षर तसंच आहे, मेलं, जराही बदललं नाही. आता हे बंद करून ते पान आणि तो पिवळा कागद दोन्ही शेजारी-शेजारी कीबोर्डवर ठेवणार आहे, माझी सतरा वर्षांची असतानाची वही पण. ती लिहायला बसेल तेव्हा आधी ते उचलावंच लागेल. मग विचारेल, आणि सांगावंच लागेल. यादीत तुम्हाला परत घ्यायचं की नाही ते ती ठरवेल, तिचं काम आहे.

बंद करताना हे विचारेल, सेव्ह करायचं का. नाही म्हणेन. तिच्या हाती हे पडायला नको, कारण एक गोष्ट मी तिला सांगणार नाहीये. काल दुपारीच मला कळलं होतं की तो गरम होतोय, आणि उघड्या टेबलावर जास्त चालतो. पण प्रोजेक्टच राहिला, तर त्या कागदावरचं अक्षर कोणाचं हे कधी निघणार नाही, असंही वाटलं होतं. ती लिहायला बसायच्या आधी चौघडी मीच परत त्याच्या खाली सरकवली.